अनंत तारेचे सूत्र इथे चालणार नाही
एका सोडवलेल्या उदाहरणात २० सेंमी लांबीच्या, एकसमान विद्युत प्रभार (चार्ज) असलेल्या कांडीच्या लंबदुभाजकावर १० सेंमी अंतरावरचे विद्युत क्षेत्र अनंत तारेच्या, म्हणजे दोन्हीकडे न संपणाऱ्या तारेच्या, सूत्राने काढले आहे. त्यामुळे उत्तर सुमारे ४१ टक्के जास्त आले. मध्यापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावरचे तुकडे घेतले, तर कांडीला समांतर असणारे घटक एकमेकांना रद्द करतात आणि उरलेल्या लंब घटकांचे इंटिग्रेशन (सगळ्या तुकड्यांची बेरीज) केल्यावर अनंत तारेच्या उत्तराला साइन ४५ अंश (त्या बिंदूपासून कांडीच्या टोकाकडे जाणारी रेषा लंबदुभाजकाशी करते तो कोन), म्हणजे ०.७०७ ने गुणावे लागते. प्रभारित कांडीचा प्रत्यक्ष प्रयोग मात्र हिवाळ्यात करावा. आमच्या रत्नागिरीत जुलैच्या दमट हवेत लोकरीने घासलेल्या पीव्हीसी नळीवर प्रभार टिकतच नाही, कागदाचे कपटेसुद्धा जागचे हलत नाहीत.