अनुभव धागा : घरातलं बर्फाचं मशीन आतून स्वच्छ कसं ठेवता?

ओट्यावर ठेवायचं छोटं बर्फाचं मशीन आमच्याकडे दोन वर्षांपासून आहे. परवा बर्फाची वाटी तशीच राहून वितळली, तर तळाशी पांढरे कण बसलेले. शंका आली म्हणून टाकीच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं, ते बुळबुळीत लागलं. झाकण आणि बर्फाचं भांडं मी दर आठवड्याला धूत होते, टाकीत मात्र कधी हात घातला नव्हता. घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे जीव अगदी कसनुसा झाला.

तुम्ही काय वापरता, किती दिवसांनी, आणि कुठे चुकलात, हे मोकळेपणाने लिहा. फ्रीजमधल्या आईस मेकरचे अनुभवही चालतील.

*

ताई, तुम्हाला दिसलेल्या त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पांढरे कण म्हणजे पाण्यातले क्षार. पाणी गोठताना आधी शुद्ध पाण्याचा बर्फ होतो आणि क्षार उरलेल्या पाण्यात एकवटत जातात, म्हणून बर्फ वितळल्यावर ते तळाशी दिसतात. ते पोटात गेले म्हणून घाबरू नका.

बुळबुळीत थर मात्र जिवाणूंचा असतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. गोठल्यावर सगळे जंतू मरतात हा समज चुकीचा आहे. नॉरोव्हायरस बर्फात तग धरतो, लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो. क्षार आंबट पदार्थाने विरघळतात, पण बुळबुळीत थर घासूनच काढावा लागतो. नुसतं लिंबूसत्त्वाचं पाणी फिरवून तो जात नाही, हे मी सहा महिने फुकट घालवून शिकलो.

आता रोज रात्री खालचं बूच काढून टाकी रिकामी करतो. आठवड्यातून एकदा भांडी धुवायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, मग तीनदा साधं पाणी. आणि झाकण उघडं ठेवून टाकी पूर्ण कोरडी करतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.

*

वरच्या प्रतिसादाला जोडून. ओट्यावरचं मशीन म्हणजे फ्रीजर नव्हे. भांड्यातला बर्फ वितळला की ते पाणी खाली टाकीत उतरतं आणि त्याचाच पुन्हा बर्फ होतो. म्हणजे बर्फात कोणी हात घातला, की तो टाकीतल्या पाण्यात घातल्यासारखाच. आमच्याकडे चिमटा मशीनशेजारीच लटकवला आहे आणि पाहुण्यांनाही मी तो आवर्जून हातात देते.

*

आमच्या मशीनचा 'बर्फ भरला' हा दिवा भांडं रिकामं असतानाही लागायचा. दुरुस्तीवाल्याने मुख्य सर्किट बदलावं लागेल असं सांगितलं होतं. त्याआधी एकदा स्वतः बघावं म्हणून टॉर्च घेऊन बसलो. भांड्याच्या वरच्या कडेला समोरासमोर हरभऱ्याएवढी दोन काळपट भिंगं आहेत. एकातून न दिसणारा प्रकाश निघतो आणि दुसरं तो टिपतं. मध्ये बर्फ आला की तो अडतो आणि मशीन थांबतं. आमच्या एका भिंगावर क्षारांचा पातळ पापुद्रा होता, नखाला खरखरीत लागणारा. कापसाच्या काडीला लिंबूसत्त्वाचं पाणी लावून दोन मिनिटं धरली, मग साध्या पाण्याने आणि कोरड्या फडक्याने पुसलं. दिवा गेला. मशीन खिडकीत असेल तर थेट ऊन पडूनही हे भिंग फसतं, एवढं आधी तपासा.

*

एक कळकळीची सूचना. मी एकदा व्हिनेगरचं पाणी टाकीत फिरवलं आणि ते नीट न धुता, जंतू जावेत म्हणून वर ब्लीच ओतलं. क्षणात घशाला झोंबणारा वास आला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो विषारी असतो. खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढलं, म्हणून निभावलं. दोन्ही वापरायचीच असतील तर वेगवेगळ्या दिवशी, मध्ये भरपूर पाण्याने धुऊन. आणि ब्लीच तुमच्या मशीनला चालतं का, हे आधी माहितीपुस्तिकेत बघा.

*

व्हिनेगरऐवजी लिंबूसत्त्व घ्या, असं मी म्हणेन. वास राहत नाही. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा, पूर्ण विरघळवून. ज्या कांड्यांभोवती बर्फ जमतो त्यांच्यावर बहुधा निकेलचा मुलामा असतो, म्हणून द्रावण तीव्र करायचं नाही, रात्रभर ठेवायचं नाही, तारेची घासणी तर लावायचीच नाही. माझ्या पहिल्या मशीनचा मुलामा असाच सोलवटला आणि चकचकीत कपचे बर्फात आले. ते मशीन टाकून द्यावं लागलं.

*

फ्रीजमधल्या आईस मेकरबद्दल थोडं. पाण्याचा फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलतो आणि त्यानंतरचा पहिला बर्फ फेकतो. बर्फाला वास येत होता तो मात्र फिल्टरमुळे नव्हता. बर्फ आजूबाजूचे वास शोषून घेतो, आणि आमच्या खोक्यात तळाचा बर्फ महिनोन् महिने तसाच पडून असायचा. आता दर महिन्याला खोकं रिकामं करून धुते आणि कोरडं करूनच परत लावते. ओलं लावलंत तर बर्फाचा गठ्ठा होतो.

*

मागची जाळीही बघा हो! आमचं मशीन एका खेपेला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ घ्यायला लागलं होतं. प्लग काढून जाळी ब्रशने झाडली, धुळीचा अख्खा थर निघाला. भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. पुन्हा पहिल्यासारखं चालतंय.

*

धागा मीच काढला होता, म्हणून केलेलं सांगते. प्लग काढून टाकी घासली. पाणी ढकलणाऱ्या छोट्या पंपाच्या जाळीत गुलाबी थर अडकला होता, तो टूथब्रशने निघाला. तो तिथे असेल असं वाटलंच नव्हतं, तुम्हीही तिथे नक्की बघा. मग लिंबूसत्त्वाचं पाणी, मग तीनदा साधं पाणी. बर्फाच्या पहिल्या दोन खेपा फेकल्या, तिसरी चाखली तर किंचित आंबट लागली, म्हणून आणखी एक फेकली. चौथ्या खेपेचा बर्फ पेल्यात वितळू दिला. तळाशी कण नाहीत. आता बूच काढलंय आणि झाकणाखाली लाकडी चमचा अडकवून ठेवलाय, सकाळपर्यंत आत वारा लागावा म्हणून.