नंबर तपासला म्हणजे काचबिंदू तपासला असं नाही

काही जण म्हणतात, डोळ्यांच्या तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते, मग काचबिंदूची (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होण्याच्या आजाराची) भीती कशाला? इथेच गफलत होते. तक्ता मधली नजर तपासतो आणि काचबिंदूत ती बहुधा सगळ्यात शेवटी जाते. आधी कडेची नजर झिजते. तीही जाणवत नाही, कारण एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो आणि उरलेलं मेंदू स्वतःच रंगवून टाकतो. दार-खुर्चीला धक्के लागायला लागले की माणूस म्हणतो, "वय झालं."

फक्त डोळ्यातला दाब मोजूनही भागत नाही. साधारण १० ते २१ (पाऱ्याचे मिलिमीटर) हा नेहमीचा दाब, पण तेवढ्यातही काहींची ही नस खराब होते. म्हणून बाहुली मोठी करून नस बघणं आणि दृष्टिक्षेत्राची (कडेपर्यंत किती दिसतं याची) तपासणी, दोन्ही सांगून करून घ्या. चाळिशीनंतर तर कराच. आई-वडील किंवा भावंडांना असेल तर त्याआधीच.

अॅलर्जीसाठी कधीतरी दिलेले स्टेरॉइडचे थेंब वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घालणारे (आमच्या घरातही एक होते!) काचबिंदूचा धोका ओढवून घेतात. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, काचबिंदूवरचे टिमोलॉलसारखे थेंब दम्याला चालत नाहीत.

मोतीबिंदूसारखं "पिकल्यावर बघू" इथे चालत नाही. गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी फक्त उरलेली राखता येते. आणि डोळा अचानक लाल होऊन ठणकायला लागला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, उलट्या झाल्या, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.