‘पासष्टी गाठणारे पुरुष’: आयुर्मान, आयुर्मर्यादा की हयातीचे प्रमाण?

प्रश्न : रशियाच्या लोकसंख्येवरील एका लेखाचे मराठीकरण करीत आहे. त्यात पुरुषांचे सरासरी आयुर्मान आणि वयाच्या ६५ वर्षांपर्यंत जगणाऱ्या पुरुषांचे शेकडा प्रमाण असे दोन वेगळे आकडे येतात. दोन्हींसाठी ‘आयुर्मर्यादा’ हा शब्द चालेल का?

उत्तर : एकासाठीही चालणार नाही. वर्तमानपत्रांत ‘सरासरी आयुर्मर्यादा’ सर्रास छापून येते हे खरे. पण मर्यादा म्हणजे जिच्यापलीकडे जाता येत नाही अशी सीमा, आणि सरासरी ही काही सीमा नव्हे. रशियात १९९४ साली पुरुषांचे जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली घसरले होते, याचा अर्थ तेथील पुरुष अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या आतबाहेर मरत होते असा मुळीच नाही. अतिमद्यपान, हृदयविकार, अपघात आणि हिंसाचार यांमुळे ऐन कर्तेपणाच्या वयातील पुरुष मोठ्या संख्येने दगावत होते आणि त्या अकाली मृत्यूंनी सरासरी खाली ओढली होती. ऐंशी ओलांडलेले आजोबा त्याही वर्षी तेथे होतेच. (आज्या अर्थातच कितीतरी जास्त, कारण स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा सुमारे तेरा वर्षांनी अधिक होते.)

दुसऱ्या आकड्यासाठी मी ‘६५ वर्षांपर्यंतच्या हयातीचे प्रमाण’ असे लिहीन. ‘उत्तरजीविता’ (ठरावीक वयापर्यंत जिवंत राहणे) हा शब्द तक्त्याच्या मथळ्यात खपून जातो, वाक्यात मात्र अडखळवतो. उलट ‘हयातीचा दाखला’ दरवर्षी देणाऱ्या निवृत्तांना ‘हयात’ समजावून सांगावी लागत नाही. खरी काळजी ‘गाठतील’ यासारख्या भविष्यकाळी क्रियापदाची घ्यावी. हे प्रमाण काढताना एखाद्या वर्षाचे वयोगटवार मृत्युदर जन्मभर तसेच राहतील असे गृहीत धरून, त्या वर्षी जन्मलेल्या शंभर मुलग्यांपैकी किती जण पासष्टी गाठतील ते मोजले जाते. म्हणून ‘मृत्युदर असेच राहिल्यास’ ही अट वाक्यात हवीच, नाहीतर गणिताचे भाकीत होऊन बसते. गोर्बाचोव्ह यांनी १९८५ मध्ये मद्यविरोधी मोहीम सुरू केली, तेव्हा पुरुषांचे आयुर्मान दोन-तीन वर्षांतच ६२ वरून ६५ च्या आसपास पोचले आणि पुढे सोव्हिएत संघ कोसळल्यावर वर सांगितलेल्या तळाला गेले. इतक्या झपाट्याने हलणाऱ्या दरांवर कोणाचे जन्मभराचे भविष्य वर्तवणार?

उपप्रश्न : २०१८ च्या निवृत्तिवेतन कायद्याविषयी त्याच लेखात असे आहे की पुरुषांचे निवृत्तीचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ होणार आणि आयुर्मान तर ६७ च्या थोडे पुढे. म्हणजे जेमतेम दोन वर्षे पेन्शन, असे लिहावे ना?

उत्तर : तसे लिहू नये, ही वजाबाकीच चुकीची आहे. जन्मवेळच्या आयुर्मानात विशी-तिशीत गेलेलेही मोजलेले असतात. जो पासष्टीला पोचला तो ते सगळे धोके मागे टाकून आलेला असतो आणि रशियातही असा पुरुष सरासरीने आणखी तेरा-एक वर्षे जगतो. त्याला ‘पासष्टीनंतरचे अपेक्षित आयुष्य’ म्हणावे.

कायद्याला विरोध करणाऱ्या कामगार संघटनांचा दावा निराळा होता : शंभरातील चाळीस पुरुष पासष्टी पाहणारच नाहीत. येथे ‘शंभरातील’ म्हणजे कोणत्या शंभरांतील, हे अनुवादात उघड करायला हवे. नुकत्या जन्मलेल्या शंभर मुलग्यांतील आणि साठी गाठलेल्या शंभर कामगारांतील गळती यांत फार अंतर आहे, आणि मराठीत नुसते ‘पुरुषांपैकी’ लिहिले की वाचक साहजिकच दुसरा अर्थ घेतो. ‘जन्मलेल्या शंभर मुलग्यांपैकी’ असे लिहिल्यास वाक्य थोडे लांबते, पण दावा नेमका काय होता ते कळते. म्हणून त्या दाव्यातला राग पोकळ ठरतो असेही समजू नये : आयुष्यभर वर्गणी भरून पेन्शनच्या आधी जाणाऱ्याचा प्रश्न हयातीच्या प्रमाणानेच नीट मांडता येतो, आयुर्मानाच्या सरासरीने नाही.