स्पितीत आकाश एवढं काळं का आलं?

प्रश्न
सप्टेंबरात हिमाचलच्या स्पिती खोऱ्यात, काझ्याला आठ दिवस होतो. सोबत १२५ आयएसओच्या कृष्णधवल फिल्मचे सहा रोल. तिथल्या ‘की’ गोम्पाचे, म्हणजे बौद्ध मठाचे, सगळे फोटो लाल फिल्टर लावून काढले. आकाश डांबरासारखं आलंय आणि डोंगरांच्या सावल्यांत काहीच उरलं नाही. हाच फिल्टर रतनगडावर लावला की ढग सुरेख उठतात. मला तिथल्या मातीच्या घड्या हव्या होत्या हो, त्याच गेल्या. फार लागलंय मनाला.

उत्तर
काझा साधारण ३६५० मीटरवर. हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे आकाश मुळातच गडद निळं. त्यात लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो. सावल्यांना तिथे उजेड मिळतो तो याच निळ्या आकाशाचा, तोही गेला! पिवळा फिल्टर पुरे. आणि उजेडाचं मोजमाप सावलीवर घ्या, उन्हातल्या भिंतीवर नको.

आणखी एक उत्तर
एकोणिसाव्या शतकातला इंग्रज छायाचित्रकार सॅम्युएल बोर्न, त्याचे फोटो जरूर बघा. १८६६ साली तो हमालांच्या पाठीवर फोटोच्या काचा, रसायनं, तंबू लादून स्पितीकडे गेला आणि मणिरंग खिंडीतही फोटो काढले. तेव्हा फिल्मऐवजी ओल्या कोलोडियनचा, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील रसायनाचा, थर दिलेली काच वापरत; तिच्यावर मुख्यतः निळ्याचाच परिणाम होतो, म्हणून त्या काळच्या फोटोंत आकाश पांढरंफटक दिसतं. तुमच्या अगदी उलट. डोंगर मात्र काय उतरलेत!

प्रश्नकर्ता
बोर्नचे फोटो आत्ताच पाहिले, बघतच राहिलो. जूनमध्ये पुन्हा जातोय. पिवळा नेतो, लाल घरीच.