फायबर मारणं, मढवणं की आणखी काही?

कॉलेज रोड, नाशिक:
मुलीच्या हट्टापायी बाल्साच्या हलक्या लाकडाची दोन फुटी होडी केली आहे. आता तिच्यावर काचतंतूचं कापड इपॉक्सीने, म्हणजे हार्डनर घातल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने, बसवायचंय. कृती मराठीत लिहून ठेवावी म्हणून बसलो आणि पहिल्याच क्रियापदाला अडलो. अंबडच्या कारखान्यांच्या गाळ्यांत सरळ ‘फायबर मारणे’ म्हणतात. मागच्या होडीच्या वेळी तेवढाच शब्द घेऊन दुकानात गेलो, तर टाक्यांना लागतं ते चौरस मीटरला ४५० ग्रॅमचं मॅट, म्हणजे न विणलेल्या तंतूंचा जाड थर, हातात पडलं. मीही मुकाट्याने बसवलं. गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडली तेव्हा होडी काठोकाठ बुडून कशीबशी तरंगत होती. तर पातळ काम सुचवणारा शब्द हवाय. मढवणे? लेपणे? अस्तर लावणे?

पंचवटी:
अस्तर नको. कोटाचं अस्तर आत असतं, आणि रंगारी अस्तर म्हणतो तो प्रायमरचा हात. तो तुम्हाला पुढे लागणारच आहे, मग एकाच कृतीत दोन अस्तरं होतील. मढवणे चांगला. मृदंग मढवतात, पालखी चांदीने मढवतात.

ओझर:
मी विमानांची मॉडेलं करतो, काम हेच. मढवलेली चांदी शेवटपर्यंत चांदीच दिसते. इथे उलट होतं. चौरस मीटरला २५ ते ५० ग्रॅम वजनाचं कापड कोरडं असताना पांढरं दिसतं, इपॉक्सीची राळ भिनली की दिसेनासं होतं आणि खालचं लाकूड वर येतं. जिथे पांढरं राहिलं तिथे राळ पोचलेली नाही, नाहीतर हवा अडकली आहे. माझ्या वहीत मी ‘मुरवणे’ लिहितो, लोणच्यासारखं. मुरलं की जादा राळ जुन्या एटीएम कार्डाने निपटून काढायची, कारण कापड भिजण्यापुरतीच ती कामाची, बाकी नुसतं वजन. आणि हे ऊन कलल्यावर करा. लाकूड तापत असलं की त्यातली हवा फुगते आणि राळेत बुडबुडे धरतात.

सिन्नर:
राळ खटकली. राळ म्हणजे झाडाचा चीक वाळून होते ती. पूड करून मशालीवर फेकली की भपकन पेटते, म्हणून तर आपण आरोपांची राळ उडवतो. इपॉक्सीला रेझिनच म्हणा ना.

ओझर:
मान्य. राळ तापवली की पुन्हा पातळ होते, इपॉक्सी हार्डनरने एकदा धरली की वितळत नाही. सवयीने लिहिलं.

पंचवटी:
आमच्याकडे वैद्यकी होती, त्यामुळे ‘कपडमट्टी’ आठवली. औषधी भस्माला पुट द्यायला, म्हणजे ते बंद भांड्यात भाजायला, दोन मातीच्या पणत्या तोंडाला तोंड लावून ठेवतात आणि चिखलात भिजवलेल्या कापडाने त्यांचा सांधा बंद करतात. भिजलेलं कापड कठीण वस्तूवर बसवून वाळवायचं, युक्ती तीच.

कॉलेज रोड:
वा काका! पण कपडमट्टी फोडून टाकण्यासाठी असते. मुलगी बिथरेल.

येवला:
विणकराच्या घरातली आहे म्हणून बोलते. पहिला हात सुकल्यावर डोळ्याला दिसते ती वीण आणि बोटाला लागतो तो पोत. कृतीत ‘दुसऱ्या हाताने वीण बुजवावी’ असं लिहा. आणि दादा, त्याआधी जोरात घासू नका, कापडाचे धागे कापले जातील.

अंबड:
आमच्या शब्दाने होडी बुडाली म्हणता, ते खरंय. पण मॅट आणि क्लॉथ हा फरक गाळ्यातही करतात, पुढच्या वेळी क्लॉथ, म्हणजे विणलेलं कापड, मागा. आणखी एक. दमट हवेत इपॉक्सी सुकली की वर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने धुवा, मगच वॉटर पेपर लावा. नाहीतर पेपर भरतो आणि रंगही धरत नाही.

कॉलेज रोड:
‘मेणचट’ उचलला. वॉटर पेपरसाठी मी ‘घोटणे’ लिहिलं होतं, ते खोडलं. घोटताना दाबून चकाकी आणतात, इथे तर वरचा थर झिजवायचाय, म्हणजे घासणेच. २४० नंबरच्या पेपरपासून सुरू करून बारीक ४०० वर आलो. हाताला गुळगुळीत लागतंय, पण ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कडेने वाकडं पळतं.

अंबड:
त्याला लहर म्हणतात. नुसत्या बोटांनी घासलं की येते. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, खळग्यात लांबी (पुट्टी) भरा, पुन्हा घासा.

कॉलेज रोड:
लहर गेली. वहीत आता असं आहे: ‘कापड पसरावे, रेझिन मुरवावे, जादा निपटावे, वीण बुजवावी, मेणचट थर धुवावा, लहर जाईपर्यंत घासावे.’ या सगळ्याला मिळून मथळा ‘मढवणे’च ठेवला, ओझरकरांची हरकत ध्यानात घेऊन. फक्त त्याखाली लिहिलेल्या शेवटच्या ओळीतलं ‘तुळतुळीत’ मुलीला पसंत नाही. तो शब्द आजोबांच्या डोक्याचा आहे म्हणते.