पंच्याहत्तर टक्के मते पडली म्हणजे एकमत झाले असे समजायचे का?

विश्रामबाग_सिग्नल (सांगली)

नमस्कार. मी पुण्यातील एका चिप-डिझाइन कंपनीचे काम सांगलीत घरून करतो आणि कंपनीच्या वतीने आयईईई या तांत्रिक मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ८०२.३, म्हणजे इथरनेटच्या (तारेने संगणक जोडण्याच्या पद्धतीच्या) कार्यगटात भाग घेतो. बहुतेक बैठका आपल्याकडच्या रात्री असतात. मानकाच्या सध्याच्या मसुद्यात रिसीव्हरच्या (सिग्नल घेणाऱ्या भागाच्या) चाचणीची जी मर्यादा धरली आहे ती तांब्याच्या केबलसाठी फार कडक आहे असे माझे मत आहे. मी पान क्रमांक, ओळ क्रमांक आणि पर्यायी शब्दरचना देऊन कॉमेंट पाठवली आणि मोजमापांचे आलेखही दाखवले. चर्चा झाली, स्ट्रॉ पोल (कल पाहण्यासाठीचे अनौपचारिक मतदान) झाला, बहुतेकांचे हात दुसऱ्या बाजूला वर गेले आणि माझ्या कॉमेंटसमोर ‘अमान्य’ असे लिहून त्याखाली तीन वाक्यांचे कारण दिले गेले.

आता मतदानात मी नकार कायम ठेवावा असे माझे वरिष्ठ सांगतात, तर गटातील एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की मसुद्याला ७५ टक्क्यांहून बरीच अधिक मते आहेत, तेव्हा एकट्याने अडून बसण्यात अर्थ नाही. नकार कायम ठेवणे म्हणजे एकमतात खोडा घालणे आहे का, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे.

गोडोली_जुने_इथरनेट (सातारा)

आपण ‘कंपनीच्या वतीने’ असे लिहिले आहे, तिथूनच सुरुवात करतो. ८०२.३ मध्ये मत व्यक्तीचे असते, कंपनीचे नसते. आपण कोणाशी संलग्न आहात हे जाहीर करावे लागते, पण मत मात्र स्वतःच्या तांत्रिक समजुतीनेच द्यायचे असते. त्यामुळे वरिष्ठ काय सांगतात हा मुद्दा बाजूला ठेवून आकडे काय सांगतात एवढेच पाहावे.

दुसरे म्हणजे, ७५ टक्के ही मसुदा मंजूर होण्यासाठीची उंबरठ्याची पायरी आहे. ती ओलांडल्यावरही नकाराच्या प्रत्येक तांत्रिक कॉमेंटला उत्तर द्यावेच लागते, आणि जे नकार मिटलेले नाहीत ते त्यांच्या कारणांसह आणि गटाच्या उत्तरासह पुनर्मतदानात सर्व मतदारांपुढे पुन्हा ठेवले जातात, म्हणजे आपले म्हणणे वाचून इतरांना स्वतःचे मत बदलता यावे. नकारासोबत नेमका उपाय सुचवावा लागतो तो याचसाठी. आपण तो सुचवला आहे, म्हणून याला मी खोडा म्हणणार नाही.

सेकंदाला ४० आणि १०० गिगाबिट वेगाच्या इथरनेटच्या वेळचा वाद मला अजून आठवतो. २००६ मध्ये अभ्यासगट बसला तेव्हा नेटवर्कचा कणा सांभाळणाऱ्यांना १०० गिगाबिट हवे होते, तर सर्व्हर बनवणाऱ्यांना ४० पुरेसे वाटत होते, आणि दोन वेगांमुळे बाजार दुभंगेल अशी भीती पुष्कळांना होती. कोंडी फुटली ती एका निरीक्षणामुळे: कण्याची गरज साधारण १८ महिन्यांत दुप्पट होते आणि सर्व्हरची साधारण २४ महिन्यांत. दोन्ही बाजूंचे आकडे खरे होते, त्यांचे उपयोग वेगळे होते. जून २०१० मध्ये मंजूर झालेल्या ८०२.३बीए या मानकात म्हणूनच दोन्ही वेग आहेत.

एक व्यवहाराची सूचना करतो. पुढच्या वेळी अध्यक्षांना ‘शिकागो नियमा’ने स्ट्रॉ पोल घेण्याची विनंती करा, म्हणजे जे जे पर्याय चालतील त्या सर्वांना हात वर करता येतो. एकच पर्याय निवडायला सांगितले की लोक आवडता पर्याय निवडतात. कोणता पर्याय बहुतेकांना चालण्यासारखा आहे, हे त्यातून दिसत नाही.

कराड_पॅकेट

मी आयईटीएफ, म्हणजे इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या बाजूने पाहणारा आहे, त्यामुळे वरील उत्तराशी थोडा असहमत आहे. नियमाने नकार ठेवता येतो हे खरे, पण ठेवावा का हा प्रश्न वेगळा आहे. आयईटीएफमध्ये औपचारिक मतदान नसते, खोलीत ‘हं’ असा गुंजारव करून कल पाहतात. २०१४ च्या आरएफसी ७२८२ या आयईटीएफच्या दस्तऐवजात ही पद्धत नीट समजावली आहे: शंभर बाजूने आणि पाच विरोधात असूनही त्या पाचांच्या आक्षेपाचा विचारच झाला नसेल तर सहमती झालेली नाही, आणि आक्षेपाचा पूर्ण विचार होऊन तो मान्य झाला नसेल तर सहमती झालेली असू शकते. आपल्या कॉमेंटखालच्या त्या तीन वाक्यांत आपल्या मोजमापांचे उत्तर आहे का? असेल तर मागे हटण्यात कमीपणा नाही. नसेल तर जरूर अडून राहा.

अडून राहण्याची किंमतही मोठी असते. अल्ट्रा-वाइडबँड या कमी अंतराच्या बिनतारी तंत्रासाठीच्या आयईईईच्याच ८०२.१५.३ए गटात दोन तट पडले, कोणालाच ७५ टक्के मिळेनात, आणि जानेवारी २००६ मध्ये गटच बरखास्त करावा लागला. त्या मानकाची वाट पाहणाऱ्यांच्या हाती काहीच आले नाही.

मिरज_लॅब

मी एका महाविद्यालयाचे नेटवर्क सांभाळतो आणि मानके ठरल्यावरच ती माझ्यापर्यंत येतात. आमच्या जुन्या इमारतीच्या भिंतींत कॅट-५ई ही जुन्या दर्जाची तांब्याची नेटवर्क वायर आहे. ती काढायची तर गिलावा फोडावा लागतो, आणि परीक्षेच्या काळात ते शक्य नसते. २.५ आणि ५ गिगाबिटसाठीही उद्योगात दोन वेगळ्या आघाड्या होत्या, तरी २०१६ मध्ये ८०२.३बीझेड हे एकच मानक आले आणि त्याच जुन्या वायरवर शंभर मीटरपर्यंत २.५ गिगाबिट मिळू लागले. दोन मानके आली असती तर कोणता स्विच घ्यावा हे मला ठरवता आले नसते. तांब्याच्या केबलची बाजू कोणीतरी मांडत आहे याचे मला समाधान वाटते. कृपया ती मोजमापांसह मांडत राहा.

विश्रामबाग_सिग्नल (सांगली)

सर्वांचे आभार. कराडकरांच्या प्रश्नानंतर ती तीन वाक्ये पुन्हा वाचली. माझ्या एकूण तीन हरकती होत्या. त्यांपैकी दोन पाहिल्यावर लक्षात आले की त्या केवळ माझ्या आवडीनिवडीच्या होत्या. मसुद्यातील मर्यादेनेही चिप बनवता येते. त्या दोन्ही मी मागे घेत आहे. तिसरी मात्र लांब केबलची आहे. उत्तरातील गणित खोलीच्या तापमानावर केलेले आहे, माझी मोजमापे तापलेल्या उपकरणावरची आहेत, आणि या फरकाला त्या उत्तरात स्पर्शही झालेला नाही. गोडोलीकर सर, तेवढा एकच नकार मी स्वतःच्या नावाने ठेवत आहे. सोबत दोन्ही तापमानांचे आलेख एकाच पानावर देणार आहे आणि ते पटले तर मत बदलावे, अशी विनंती पुनर्मतदानात सर्वांना करणार आहे. वरिष्ठांशीही उद्या सकाळी बोलतो.