झेंडा नको, झेंड्याचे रंग घ्या
देशभक्तीच्या थीमवर समारंभ करायचा म्हणून टेबलांवर झेंड्याचं कापड अंथरायचं आणि पाहुण्यांना कागदी झेंडे वाटायचे, अशी कल्पना कुणी सुचवली असेल तर ती कृपया सोडून द्या. भारताची २००२ची ध्वजसंहिता असो की अमेरिकेची, राष्ट्रध्वज सजावटीचं कापड म्हणून वापरू नये असं दोन्हींत स्पष्ट म्हटलंय. शिवाय जेवणं आटोपली की ते कागदी झेंडे खुर्च्यांखाली पायदळी येतात, बघवत नाही अगदी. त्यापेक्षा नुसते रंग घ्या, तेही बेताने: एक रंग मुख्य, बाकीचे गुच्छांत, रिबिनीच्या काठाला. राष्ट्रगीत लावणार असाल तर सुरुवातीलाच, सगळे नीट उभे राहू शकतील तेव्हा; हातात ताटं असताना नको. आणि घरातलं कुणी सैन्यात असेल, तर पहिली रांग त्यांची.